चौघांनाही दहापैकी दहा
कॉलेजच्या गट-प्रोजेक्टमध्ये गटातल्यांनीच एकमेकांना गुण दिले की कामचुकार आपोआप उघडा पडतो, असं म्हणतात ते कागदावर ठीक आहे. आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला असाच फॉर्म होता. कँटीनमध्ये एकाच टेबलावर, एकाच पेनाने चौघांनी भरला. सगळ्यांना दहापैकी दहा. त्यातल्या एकाने वर्षभरात फक्त ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बाइंडिंगला टाकलं होतं (तेही सोनेरी अक्षरांत माझं आडनाव चुकवून). पण चहा पाजणाऱ्याला तोंडावर तीन गुण कोण देणार?

फॉर्म गुप्त हवा हे खरंच, पण गणितही बघा. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालेल्या 'स्पार्क' प्रणालीत एकाला गटातल्यांकडून मिळालेल्या गुणांना गटाच्या सरासरीने भागतात आणि त्याचं वर्गमूळ घेतात. तोच त्याचा गुणक, गटाच्या प्रोजेक्टच्या गुणांना त्याने गुणायचं. सरासरीच्या ०.६४ पट मिळाले तर गुणक ०.८, गटाला ७० असतील तर त्याला थेट ०.६४ ने गुणून येणारे ४५ नाही, ५६. आमच्यासारखं सगळ्यांनी दहा-दहा वाटले तर गुणक १, कुणाचंच काही हलत नाही. मला ते वर्गमूळ आवडतं. मित्र नापास होणार नाही एवढी खात्री असली की खरा आकडा लिहिताना हात जरा कमी अडखळतो.