खासगी ‘मिनी झू’मध्ये मुलांना न्यावं का?

गोरेगावची आई:
रविवारी लेकाला उपनगरातल्या एका छोट्या खासगी प्राणिसंग्रहालयात नेलं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. गाळ्याएवढी जागा, भिंतीला लागून काचेच्या पेट्या. दारातच एक निळा-पिवळा मकाव, म्हणजे मोठा विदेशी पोपट. छाती आणि पोट पार उघडं, गुलाबी कातडी दिसत होती, पण डोक्यावरचं एकही पीस हललेलं नव्हतं. चोच पोचत नाही तेवढीच पिसं उरली होती. एकटेपणाने, कंटाळून हे पक्षी स्वतःलाच ओरबाडतात. आत इग्वाना, म्हणजे मोठा विदेशी सरडा, मुलांच्या खांद्यावर ठेवून फोटो चालले होते. त्याचा जबडा सुजलेला, मागचा पाय वाकडा. पेटीवर साधी ट्यूबलाइट. ऊन किंवा यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) नसेल तर इग्वानाला खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. मला तिथे उभं राहवेना. असल्या जागा बंदच व्हायला हव्यात.

दादरकर:
ताई, असहमत. माझ्या मुलीची सापाची भीती अशाच ठिकाणी गेली. राणीच्या बागेत सगळं लांबूनच बघायचं. शिवाय हे प्राणी बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले. उद्या टाळं लागलं तर जाणार कुठे? आरेच्या जंगलात सोडले तर जगतील? आणि मोठ्या ठिकाणी तरी काय? २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून राणीच्या बागेत आठ पेंग्विन आणले, त्यातला एक तीन महिन्यांच्या आत गेला. तिथे काम करणारी पोरं तुटपुंज्या पगारात जीव लावतात, तेही बघा.

पक्षीमित्र, मुलुंड:
पोरांच्या मायेबद्दल शंका नाही, पण मायेने हाडं घट्ट होत नाहीत. पेंग्विन गेला तेव्हा शवविच्छेदन झालं, पेपरात आलं, महापालिकेला जाब विचारला गेला. इथला इग्वाना मेला तर पेटीत दुसरा येईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. फरक तो आहे.
१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मकाव, इग्वाना अशा विदेशी प्राण्यांची नोंदणीही लागते. तिकीट काढण्याआधी दोन्ही कागद मागा.

दादरकर:
कागद असायलाच हवेत, मान्य. फोटोसाठी आजारी प्राणी खांद्यावर देणं चूकच. पण लगेच वनखात्याकडे धावू नका. जप्ती झाली की प्राणी कुठल्या तरी कोपऱ्यात महिनोन्महिने पडून राहतात. आधी मालकाशी बोला.

गोरेगावची आई:
जप्तीनंतर काय, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. शनिवारी जाऊन मालकाला भेटते. त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवा आणि यूव्हीबी दिवा लावा, एवढंच मागणार. नाही म्हणाला तर सोमवारी तक्रार देणार, त्यात बदल नाही. दादा, शनिवारी येता का सोबत? तो पाय एकदा डोळ्यांनी बघा.