आतडं हाताने शिवतात की स्टेपलरने? बाबांचं ऑपरेशन आहे

लालबागकर:
बाबा ७१ वर्षांचे. गुदाशयाच्या वरच्या भागात गाठ निघाली. पुढच्या आठवड्यात परळला ऑपरेशन, गाठीचा भाग काढून दोन टोकं जोडणार. सर्जन म्हणाले, स्टेपलर वापरू, त्याचे पैसे वेगळे. काका म्हणतात, पूर्वी सगळं हातानेच शिवायचे, ही बिल फुगवायची कामं. खरंच का? आणि त्या पिना पोटातच राहतात?

सिस्टर_निवृत्त:
महापालिकेच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, दोन्ही प्रकार ढिगाने पाहिलेत. काकांचं अर्धंच बरोबर. लहान आतड्याचा जोड सर्जन हाताने छान घालतो, विरघळणाऱ्या धाग्याने. लेंबर्ट या फ्रेंच सर्जनने १८२६ मध्ये दाखवलं की बाहेरच्या आवरणाला आवरण भिडवायचं, आणि हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनने १८८७ मध्ये, की टाका सबम्युकोसात, म्हणजे आतल्या अस्तराखालच्या थरात, गेला पाहिजे, कारण ताकद त्याच थरात. आजही तेच शिकवतात.

पण बाबांचा जोड ओटीपोटात खोल, हाडांच्या कडीत. पुरुषांची ती जागा आणखी अरुंद, तिथे हात आणि सुई फिरवायला मारामार. म्हणून गोल स्टेपलर. वरच्या टोकात त्याची टोपी बसवतात, यंत्र गुदद्वारातून वर नेतात, दोन्ही जुळवून दाबलं की पिना गोलाकार बसतात आणि आतली सुरी मधला भाग कापते. यंत्रात आतड्याच्या दोन चकत्या निघतात, आम्ही डोनट म्हणायचो. त्या सलग गोल आहेत ना, हे बघितल्याशिवाय आमचे सर पुढे हलायचे नाहीत. मग ओटीपोटात सलाइन ओतून खालून हवा भरायची, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तशी. बुडबुडा दिसला की तिथे पुन्हा टाके.

खरं सांगू? पिना की धागा, यापेक्षा दोन्ही टोकांना रक्त नीट पोचतंय का आणि जोडावर ताण नाही ना, याला जास्त महत्त्व. जोड गळालाच तर बरेचदा पहिल्या आठवड्यात कळतं. ताप, नाडी पळणं, पोट फुगणं, असं काही दिसलं तर राउंडची वाट बघू नका, लगेच सिस्टरला हाक मारा. आणि तंबाखू बंद, आजपासून.

मुलुंडची_मीना:
पिना टायटॅनियमच्या असतात, आतच राहतात, त्रास देत नाहीत. आईचा एमआरआय नंतर झाला, फक्त आधी सांगावं लागलं. तिचा जोड फार खाली होता म्हणून पोटावर शौचाची तात्पुरती पिशवी लावली, काही महिन्यांनी बंद केली. हे आधीच विचारून ठेवा. आम्हाला शुद्धीवर आल्यावर कळलं, आई दोन दिवस बोलली नाही कोणाशी.

लालबागकर:
विचारलं. पिशवीचं टेबलावरच ठरवू म्हणाले. सिस्टर, बाबा मशेरी लावतात. डबी लपवलीय, घरात युद्ध पेटलंय.

सिस्टर_निवृत्त:
पेटू दे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर भूलतज्ज्ञांना आजच फोन करा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.