बोलता न येणाऱ्या पेशंटचं दुखणं कसं ओळखायचं? व्हेट (जनावरांचे डॉक्टर) लोकांकडून माणसांच्या डॉक्टरांनी शिकावं असं मला वाटतं

मेधा_सहकारनगर
आईला डिमेन्शिया आहे, बोलणं जवळजवळ बंद झालंय. मधे ती रात्री ओरडायला लागली, तोंड पुसायला गेलं की हात झिडकारायची. एका मोठ्या हॉस्पिटलमधे दाखवलं तर डॉक्टरांनी तिलाच विचारलं आजी कुठे दुखतंय, ती काही बोलली नाही, मग वागणं बिघडलंय म्हणून झोपेची गोळी वाढवून दिली. त्याच सुमारास आमच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉर कुत्र्याला व्हेटकडे नेलं. त्यांनी आधी हातच लावला नाही, फरशीवर मोकळं सोडा म्हणाले आणि नुसते बघत बसले, चालतो कसा, बसताना भार कुठल्या पायावर टाकतो, आणि मला विचारत होते जिना चढतो का, उठायला वेळ लागतो का, पाय चाटतो का. मग पाठीच्या कण्यावरून बोटं दाबत गेले, एका जागी त्याने फक्त कान मागे घेतले आणि ते म्हणाले, इथे. आईच्या दाढेला गळू झालं होतं हे नंतर डेंटिस्टने सांगितलं. तिला असं कुणी का नाही तपासलं? इथे कोणी डॉक्टर किंवा व्हेट असतील तर प्लीज सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर
ताई, मी शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजचा, आता मुळशीकडे प्रॅक्टिस करतो. आमचा पेशंट बोलणार नाही हे धरूनच आम्हाला शिकवलेलं असतं. गाईने चाऱ्यातून तार गिळली असेल तर आम्ही तिच्या वशिंडामागे पाठीवर चिमटा घेतो, निरोगी गाय पाठ खाली वाकवते, पोटात तार टोचत असली तर ती वाकवत नाही, उलट कण्हते. रवंथ करते का, शेण कसं पडतं, कळपापासून लांब उभी राहते का, हे सगळं मालकाला विचारायचं, तो रोज बघतो म्हणून त्याचं सांगणं हा अर्धा रिपोर्ट. मांजरांसाठी तर कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ मधे चेहऱ्यावरून मार्क द्यायची पद्धत काढली, कान, डोळे किती मिटलेत, तोंडाचा ताण, मिशा, मान कुठे धरलीय. तुमच्या घरातही रोज बघणारं माणूस तुम्हीच आहात, तुम्हाला नीट विचारायला हवं होतं.

डॉ_फिजिशियन_कर्वेनगर
मेधाताई, वाईट वाटलं वाचून. एक गोष्ट मात्र सांगतो, हे शिकणं दोन्हीकडून झालंय. उंदरांचा चेहरा बघून वेदना मोजायची पद्धत २०१० मधे आली, तिची मूळ कल्पना माणसाच्या चेहऱ्याचे हावभाव नोंदवण्याच्या पद्धतीतूनच घेतलेली. आणि डिमेन्शियासाठी पेनॅड नावाची स्केल २००३ पासून आहे, श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, आणि समजूत काढली तर शांत होतात का, अशा ५ गोष्टी, प्रत्येकीला ० ते २ मार्क. साधन आहे, वापरलं जात नाही, माझ्या मते खरं दुखणं ते आहे. ओपीडीत बाहेर रांग असते, आणि पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तरच ती हिस्ट्री, म्हणजे आजाराची माहिती, अशी सवय लागलेली असते. नॉर्वेत २०११ मधे नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या पेशंटना पायरीपायरीने वेदनेची औषधं दिली, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल, आणि चिडचिड, आरडाओरडा बराच कमी झाला. म्हणून अचानक वागणं बदललं तर आधी दात, लघवी, पोट साफ होतंय का, सांधे हे बघायचं, झोपेची गोळी त्यानंतर.

दोडामार्ग_टू_पुणे
थोडं वेगळं, पण आमच्याकडे माकडताप आहे त्यावरून सांगतो. १९५७ मधे कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, माणसंही तापाने जायला लागली, व्हायरस शोधला तो आपल्या पुण्याच्याच सेंटरने, आताचं एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. गोचिडीतून पसरतो. रानात मेलेलं माकड दिसलं की आमच्याकडे अजून लोक लगेच कळवतात. शहरात तापाच्या पेशंटला कुठल्याच डॉक्टरने घरी जनावर आहे का, रानात गेला होतात का असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. विचारायला काय लागतं?

मेधा_सहकारनगर
खूप आभार सगळ्यांचे. डॉक्टर, ती ५ गोष्टींची स्केल मराठीत मिळेल का? रात्री आईजवळ मावशी असतात, त्यांना इंग्लिश येत नाही पण लिहून ठेवतील त्या.

डॉ_फिजिशियन_कर्वेनगर
रविवारी टाइप करून इथेच टाकतो. तोपर्यंत मावशींना सांगा, कूस बदलताना आणि अंघोळीच्या वेळी चेहरा बघायचा, नुसतं पडल्यावर नाही, हललं की दुखणं दिसतं.