पाय थरथरत असतील तर वाट बघू नका
तीन महिन्यांचं बिअर्डेड ड्रॅगनचं (हा एक पाळीव सरडा) पिल्लू दोन दिवस खात नाही आणि मागचे पाय थरथरतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर 'कात टाकत असेल, थांबून बघा' असा सल्ला आलाय. कृपया थांबू नका. कात टाकताना भूक मंदावते हे खरं, पण पाय थरथरत नाहीत. हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. खालचा जबडा मऊ लागतोय का बघा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर उद्याच गाठा. ताजी विष्ठा सोबत न्या, म्हणजे जंतही तपासून होतील.

आमच्या पिल्लाचं हेच झालं होतं. त्याला खायला द्यायच्या किड्यांना कॅल्शियमची पूड रोज लावत होतो, पण यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी काचेच्या झाकणावर ठेवलेली! साध्या काचेतून ते किरण जवळजवळ जातच नाहीत. ते नाहीत तर अंगात व्हिटॅमिन डी3 पुरेसं तयार होत नाही, आणि मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं, त्याची हळहळ अजून वाटते. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला प्राणी हा. शेकायची जागा 40 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली नसेल तर त्याला अन्नही नीट पचत नाही.

पालक बंद करा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. मोहरीची कोवळी पानं चालतील. आणि त्याला कमीत कमी उचला, अशा वेळी हाडं चटकन मोडतात. नेताना डब्यात मऊ टॉवेल घाला.