डांबर-पिसं म्हणजे नुसती फजिती नव्हती

अमेरिकी क्रांतीत राजनिष्ठांना (ब्रिटिश राजाच्या बाजूच्या लोकांना) डांबर फासून पिसं चिकटवणं म्हणजे आपल्याकडची गाढवावरची धिंड, असं कुणी म्हणतं, ते मला फारच सौम्य वाटतं. थॉमस ब्राउनचं बघा. ऑगस्ट १७७५, जॉर्जियातल्या ऑगस्टा गावाचा परिसर. क्रांतिवाद्यांच्या ठरावाला पाठिंबा द्यायला त्याने नकार दिला. जमावाने त्याची कवटी फोडली, झाडाला बांधून पायांना डांबर फासलं नि खाली जाळ केला. पायाची बोटं गेली. (इंग्लंडहून येऊन गड्याला वर्षही झालं नव्हतं!) तोवर तो मळेवाला होता, राजनिष्ठांत ऊठबस होती एवढंच. पुढे त्याने राजाच्या बाजूने ‘रेंजर्स’ नावाची लढाऊ तुकडी उभारली, आणि १७८० मध्ये ऑगस्टा गाव त्याच्याच ताब्यात होतं.