पिकअपमागं ट्रेलर लावून तुळजापूर घाट, काय काय बघावं?

प्रश्न: डबल कॅब पिकअप आहे, मागं दोन चाकी ट्रेलर लावून जनरेटर आणि मंडपाचं सामान सोलापुरातनं तुळजापूरला न्यायचंय. ६० च्या वर गेलं की ट्रेलर डावीउजवीकडं हलतोय. काय करावं?

उत्तर: दादा, जड माल मागच्या टोकाला भरलाय का बघा आधी. जनरेटर एक्सलच्या (ट्रेलरची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) जरा पुढं घ्या आणि घट्ट बांधा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पिकअपला ट्रेलर जोडायच्या हुकवर पाहिजे, म्हणजे १००० किलोला १०० ते १५० किलो, आणि हा भार पिकअपच्या पेलोडमध्येच (गाडी जास्तीत जास्त जेवढं वजन वाहू शकते त्यात) मोजायचा, हे लई जण विसरतात आणि हौदा पण गच्च भरतात. चालताना हलायला लागला तर ब्रेक मारू नका, स्टेअरिंग पण झटक्यात फिरवू नका, सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या.

उत्तर: घाट उतरताना आधीच खालचा गियर टाका, सारखा ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून लागायचेच बंद होतात. सेफ्टी चेन हुकखाली क्रॉस करून लावा.

प्रश्नकर्ता: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, चालतंय का?

उत्तर: जनरेटर भरून घाटात? नका नेऊ हो, आधी ब्रेक बसवून घ्या. आणि टायरची हवा टायर थंड असतानाच बघा, तापल्यावर हवा जास्त दाखवते, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात ४० च्या वर पारा जातो. मागचे लाईट, रिफ्लेक्टर पण तपासा.