कांडी भरणारीला सव्वा महिनाही नाही, मग 26 आठवडे कुणाचे?

वडगावची सून: आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीतली एक वहिनी पावरलूमवर सुताच्या कांड्या भरते. गेल्या महिन्यात बाळंत झाली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना खोलीत, हे सगळं बोलण्यापुरतं. एकविसाव्या दिवशी परत कामावर. बाळ टोपलीत, सुताच्या बाचक्याला लागून. मागाच्या खटखटाटात झोपतं तेवढंच नशीब. 2017 पासून कायद्यात 26 आठवडे भरपगारी रजा आहे म्हणतात. पण दुकान-कारखान्यात दहा माणसं लागतात, इथं सहाच. माझं म्हणणं सरळ आहे: बाई राबते ना, मग माणसं मोजायची कशाला?

उद्यमबागवाला: ताई, माझ्याकडे 14 माणसं. ईएसआयबद्दल (कामगार राज्य विम्याबद्दल) माझी तक्रार नाही. 3.25 टक्के मी भरतो, 0.75 टक्के कामगार, बाळंतपणाचे पैसे तिकडून मिळतात. पण पगार 21,000 च्या वर गेला की बाई ईएसआयबाहेर आणि सहा महिन्यांचा पगार माझ्या गल्ल्यातून. आमच्या हिशेबनीस मॅडमच्या वेळी तो मी दिला, वर बदली माणसाचाही दिला. त्या सोडून गेल्यावर त्या जागी मुलगा घेतला. घाला शिव्या, पण सहा माणसांच्या मागवाल्यावर हा बोजा टाकलात तर तो बायकाच ठेवणार नाही.

निपाणीची लेक: कागदावरच्या हक्काचं काय होतं ते आमच्याकडून शिका. 1966 च्या बिडी कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभ दिला होता. पण बिडी कामगाराचं कार्ड सासूच्या नावावर, वळते सून. आता सासू बाळंत झाल्याचं दाखवायचं काय?

सरळ बोलतो: कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे महिन्याला 2,000, बस फुकट, आता हेही. आमच्या आया भांगलणीतून उठून बाळंत झाल्या, कुणाकडं हात पसरला नाही.

निपाणीची लेक: दादा, गृहलक्ष्मी कुटुंबप्रमुख बाईला मिळते. म्हणजे परत सासूच. आणि तुमच्या आईनं हात पसरला नाही, कारण समोर देणारा कोण होता?

खानापूरची अंगणवाडी: मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5,000 मिळतात, दोन हप्त्यांत. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज आणि अर्ध्या खानापूरचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडला. तायी कार्ड (गरोदर बाईचं सरकारी कार्ड) इकडचं, जन्मदाखला तिकडचा, अर्ज कन्नडात. केंद्राची योजना, कुठंही चालायला हवी. पण दुसरा हप्ता अडकला की मी बसते मायलेकींना समजावत. पोर रांगायला लागलं तरी पैसे नाहीत, असंही बघितलंय.

जुना बेळगावकर: उद्यमबागवाले, तुमचा मुद्दा नवा नाही. 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात गिरणी-कारखान्यातल्या बायकांच्या प्रसूती लाभाचं बिल आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि खर्चाचा मोठा भाग सरकारनं उचलावा असंही सांगितलं. 1929 ला कायदा झाला, भार मात्र मालकावरच राहिला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं बरं का. (सीमाप्रश्न काढत नाही, घाबरू नका.) 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. असंघटितांसाठी प्रसूती लाभाच्या योजना आखण्याची गोष्ट तिच्यात आहे, पण रक्कम किती, आठवडे किती, ते कलमात नाही.

उद्यमबागवाला: मग सेस लावा की. बांधकामावर एक टक्का सेस घेऊन मजुरांचं मंडळ चालतं. सुतावर पैसा-दोन पैसे लावा, मी माझ्या कास्टिंगवर द्यायला तयार. फक्त माझ्या एकट्याच्या खिशात हात घालू नका. आणि खरंच असं झालं, तर मुलगा का मुलगी हे न बघता माणूस ठेवीन.

सरळ बोलतो: सेस म्हणजे शेवटी साडी महाग. देणार कोण, आमच्याच बायका.

वडगावची सून: साडीला चार रुपये जास्त देईन की मी.

खानापूरची अंगणवाडी: ते होईल तेव्हा होईल. त्या वहिनीला आधार, पासबुक आणि तायी कार्ड घेऊन आधी जवळच्या अंगणवाडीत पाठव. पाच हजार तरी पदरात पडू देत.

वडगावची सून: दुसरं बाळ आहे हो बाई.

खानापूरची अंगणवाडी: मग मुलगी असेल तर एकरकमी 6,000.

वडगावची सून: मुलगा आहे.